जुनें कातडें आणि वैमानिकाचें जाकीट

वैमानिकांचें मेंढीच्या कातड्याचें जाड जाकीट आमच्या बहुतेक वाचकांनीं चित्रपटांत पाहिलें असेल. बाहेरून तपकिरी कातडें, आंतून दाट लोकर व गळ्याशीं रुंद कॉलर, असें त्याचें रूप असतें. विलायतेंत व अमेरिकेंत कांहीं हौशी लोक मेंढीच्या कातड्याचे जुने कोट विकत घेऊन उसवतात आणि त्यांच्या तुकड्यांतून हें युद्धकालीन जाकीट हुबेहूब नव्यानें शिवतात. हा उद्योग स्तुत्य कीं निंद्य, याविषयीं आमचें मत येथें मांडीत आहों. मलकापुरास, जेथें वैशाखांत अंगावर सदराहि नकोसा होतो, तेथें ही चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर पुढें येईल.

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर जावें तों हवेचें उष्णमान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें. विलायतेंत खालीं 15 अंश असले, तर सहा हजार मीटरवर तें शून्याखालीं 24 पर्यंत जातें, आणि त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांत ऊब अशी नसेच. लेस्ली अर्विन या अमेरिकन गृहस्थानें 1919 सालीं विमानांतून उडी घेऊन आपली हवाई छत्री स्वतः उघडून दाखविली. पुढें 1926 सालीं इंग्लंडांत लेचवर्थ येथें कारखाना काढला आणि 1930 नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हें जाकीट तयार केलें. ऊब लोकरींत नसते, लोकरीच्या केसांमध्यें कोंडलेल्या हवेंत असते, हें विज्ञानाच्या वर्गांत शिकविलेलें तत्त्वच त्यांत वापरलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत 1940 सालीं 24 हिंदी वैमानिक विलायतेस गेले, त्यांत महिंदरसिंग पुज्जी होते. त्यांनाहि याच थंडीशीं गांठ होती.

आतां कारागिरीकडे वळूं. कातड्याला कात्री लावली कीं आंतील लोकरहि कापली जाते व शिवणीवर टक्कल पडतें. म्हणून पाठीमागच्या बाजूनें, धारदार पात्यानें, केवळ कातडेंच चिरावें लागतें. कापडांत सुईचें भोंक मिटतें, कातड्यांत तें कायमचें राहतें. टांके फार जवळ पडले, तर टपालाच्या तिकिटाप्रमाणें त्याच रेषेवर कातडें फाटतें. पाठीचा भाग जाड, पोटाचा पातळ. कोणता तुकडा कोठें लावावा याचा निर्णय बोटांनींच करावयाचा. जुनें कातडें वाळून कोरडें झालेलें असेल, तर तें ओढून पाहतांच कागदासारखें फाटतें, आणि मग सारेच श्रम वायां! आश्चर्य असें कीं, महायुद्धाच्या उत्तरार्धांत कातड्याची टंचाई झाल्यावर मूळ जाकिटेंहि लहान लहान तुकडे जोडूनच शिवलीं जात. म्हणजे तुकड्यांचें जाकीट ही नक्कल करणाऱ्याची लबाडी नव्हे. अस्सलाचाच तो एक गुण आहे.

तरी पण आमचे दोन आक्षेप आहेत. ज्या कोटाला स्वतःचा इतिहास आहे, कोणा सैनिकाचें किंवा पूर्वजाचें नांव ज्यावर आहे, त्याला हौसेखातर पातें लावूं नये. तो जसा आहे तसाच पेटींत राहूं द्यावा. दुसरा याहून गंभीर आहे. नवें शिवलेलें जाकीट घासून, मळवून, जुनें म्हणून विकलें, तर त्या कौशल्याला चोरी याखेरीज दुसरें नांव नाहीं. अस्सल जाकिटास मोठी किंमत येते, म्हणून हा मोहहि मोठा आहे. शिवणाऱ्यानें आंतल्या बाजूस आपलें नांव व साल घालावें, इतकी साधी अट पाळली कीं आमची तक्रार उरत नाहीं.

आणि आतां मलकापूर. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखांतील धनगर आजहि मेंढरें राखतात. त्यांच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ व पुष्कळदां काळी असते. ती कांतावयाची, सनगरांनीं खड्डामागावर विणावयाची, चिंचोक्यांची खळ द्यावयाची, तेव्हां घोंगडी तयार होते; पाऊस व थंडी दोन्ही ती झेलते. परंतु आज मेंढी मुख्यत्वें मांसासाठीं पाळली जाते, आणि लोकरीचे पैसे कातरणाऱ्याच्या मजुरीलाहि पुरत नाहींत, असें मेंढपाळ सांगतात. ती लोकर मग रानांत टाकून दिली जाते. परदेशांतील माणूस जुन्या मेंढीच्या कातड्याचा चतकोर तुकडा वायां जाऊं देत नाहीं, आणि आपण नवी लोकर फेंकतों, हें आम्हांस सलतें.

आपल्या आज्यांना ही विद्या कोणी शिकविली नव्हती. जुन्या लुगड्याधोतरांच्या गोधडींत त्यांनीं हेंच केलें, आणि ती गोधडी नवी आहे असें कधीं भासविलें नाहीं. घरांत कसर लागलेली घोंगडी असेल, तर पालकांनीं ती भंगारांत घालण्यापूर्वीं मुलांच्या हातीं द्यावी. चांगला भाग कापून त्याची बंडी, टोपी, निदान बसकर तरी होईल. राठ लोकर अंगाला टोंचते, म्हणून आंतून जुन्या धोतराचें अस्तर लावावें. शाळेच्या पुढील हस्तकलाप्रदर्शनांत अशा वस्तूंना एक टेबल मिळावें, आणि प्रत्येकीवर ती पूर्वीं काय होती व कोणी शिवली हें लिहिलेली चिठ्ठी असावी, अशी आमची व्यवस्थापकांस विनंती आहे.