काळ्या मातीतले आयोडीन कोणत्या रूपात?

मातीत आयोडीन किती आहे, हे आयसीपी-एमएस असलेली कोणतीही चांगली प्रयोगशाळा सांगू शकते. खरी अडचण पुढे येते. आयोडाइड पाण्याबरोबर निचरून जातो, आयोडेट लोहाच्या ऑक्साइडांना धरून राहतो, तर ह्यूमसला जोडलेले आयोडीन मुळांना सहजासहजी मिळत नाही. अर्क काढायला जावे, तर ही रूपे एकमेकांत बदलू शकतात. म्हणून माती न विरघळवता पाहणारी क्ष-किरण शोषण वर्णपटमिती हवी.

जपानमध्ये स्प्रिंग-८ सिंक्रोट्रॉनवर झालेल्या कामात, सेंद्रिय कर्ब भरपूर असलेल्या मातीत आयोडीन बहुतांशी सेंद्रिय रूपात जाते असे दिसले. तो निष्कर्ष बारामती-इंदापूरच्या जमिनीला लावू नये. इथे कर्ब तुटपुंजा, सामू आठच्या पुढे आणि नांगराला लागतील इतके चुनखडीचे खडे. कॅल्साइटच्या स्फटिकात कार्बोनेटच्या जागी आयोडेट बसतो, हे अमेरिकेतील हॅनफर्ड अणुस्थळाच्या भूजलाच्या अभ्यासातून पुढे आले आहे. आपल्या कंकरातही तो दडला आहे का, हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

पण मोजायचे कुठे? पुण्याहून सोयीचे म्हणजे इंदूरचे इंडस-२. तिथल्या स्कॅनिंग एक्झॅफ्स बीमलाइनचा पल्ला सुमारे ४ ते २५ केईव्ही. आयोडीनची के-एज ३३.१७ केईव्हीला, म्हणजे पल्ल्याबाहेर. ४.५६ केईव्हीची एल-३ एज पल्ल्यात येते खरी, पण तिची प्रतिदीप्ती ३.९४ केईव्हीला, नेमकी कॅल्शियमच्या ३.६९ आणि ४.०१ या दोन रेषांच्या मध्ये! आयोडीन किलोमागे काही मिलिग्रॅम आणि कॅल्शियम टक्क्यांत असताना डिटेक्टरला काय दिसणार? तेव्हा चुनखडीच्या मातीसाठी एल-एजचा प्रस्ताव पाठवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उच्च ऊर्जेच्या परदेशी बीमलाइनवर के-एजसाठीच वेळ मागावा. तिथेही गाभ्यातील पोकळीच्या अल्प आयुष्यामुळे वर्णपट सुमारे १० इलेक्ट्रॉनव्होल्टने पसरतो. आयोडेट ठळक ओळखू येतो. आयोडाइड आणि सेंद्रिय आयोडीन वेगळे काढताना मात्र हात जपून.

पुण्याचा आणखी एक गुंता आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी शेतीसाठी कालव्यात जाते. सीटी स्कॅनसाठी रुग्णाला टोचलेले आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्य लघवीवाटे सांडपाण्यात उतरते आणि शुद्धीकरणाला फारशी दाद देत नाही. त्यातले आयोडीन बेंझीन वलयाला जोडलेले; ह्यूमसमधलेही बरेचसे तसेच. वर्णपट दोघांना ‘सेंद्रिय’ म्हणून मोकळा होईल. तिथे क्रोमॅटोग्राफीला पर्याय नाही.

लेखकांना विनंती: टक्केवारी छापायला पाठवताना संदर्भ-संयुगांचे वर्णपट, एकूण आयोडीन आणि नमुना कसा वाळवला याची नोंद जोडावी. एकाच जागी लागोपाठ घेतलेले स्कॅनही द्यावेत, म्हणजे किरणांच्या माऱ्याने नमुना बदलला का ते कळेल. याशिवाय आलेले हस्तलिखित परीक्षकांकडे जाणार नाही.