पुरस्कार दिलात, आता सिनेमा दाखवा की!

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की आपल्याकडे दोन दिवस 'मराठीचा झेंडा अटकेपार' चालतं. तिसऱ्या दिवशी विचारा, सिनेमा पाहिला किती जणांनी?

१९५४ साली हे पुरस्कार सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला मिळाला तो थेट २००४ मध्ये, 'श्वास'ला. मध्ये पन्नास वर्षं! पुढे 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. अभिमान आहेच. पण 'कासव'ला सुवर्णकमळ जाहीर झालं एप्रिल २०१७ मध्ये आणि थिएटर मिळायला ऑक्टोबर उजाडला. देशातल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाची ही गत!

भांडणं मात्र भलत्याच गोष्टींवर. २०१८ मध्ये राष्ट्रपतींनी स्वतः फक्त अकरा पुरस्कार दिले, म्हणून अनेक विजेते समारंभाला गेलेच नाहीत. २०२४ मध्ये पुरस्कारांतून इंदिरा गांधी आणि नर्गिस दत्त यांची नावं गेली, त्यावरून गदारोळ. कोणाच्या हातून, कोणाच्या नावाने, यावर चर्चा. प्रेक्षकाचं काय?

ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी दूरदर्शनवर बंगाली, मल्याळम, कन्नड सिनेमे लागायचे. त्यांत पुरस्कारवालेही असायचे. गावातला माणूसही ते फुकटात बघायचा. आजही पुरस्कार देणारं खातं तेच आणि दूरदर्शनही त्याच्याच अखत्यारीत. मग अडचण कसली?

पदक कपाटात जातं हो. सिनेमा लोकांपर्यंत गेला पाहिजे. पटत असेल तर बोला, नसेल तरी बोला.