माफी की मुक्ती? एका शब्दाने घडवलेले लोकमत

१/ "शेतकऱ्यांना पुन्हा कर्जमाफी द्यावी का?" वसतिगृहात हा प्रश्न विचारला की बहुतेक मित्र "नाही" म्हणतात. "निर्यातबंदीने भाव पडला, तर शेतकऱ्याला भरपाई द्यावी का?" असे विचारले की त्यांतलेच अनेक जण "हो" म्हणतात. या शब्दांना इतिहास आहे.

२/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली. हे लोण आमच्या नगर जिल्ह्यातही पोहोचले. रोख मुख्यतः कागदांवर होता. सरकारने मात्र नाव दिले 'दंगे'. चौकशी आयोगाच्या नावातही तोच शब्द आला.

३/ १८७९ च्या कायद्याच्या नावात 'रिलीफ' आला. कर्जरोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कालचा दंगेखोर चार वर्षांत दिलाशास पात्र ठरला. शेतकरी तोच होता, शब्द बदलला होता.

४/ शंभर वर्षांनंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'माफी' हा शब्दच नाकारला. माफी गुन्हेगाराला देतात. धोरणानेच भाव पाडले असतील तर गुन्हा कोणाचा? म्हणून मागणी 'कर्जमुक्ती'ची.

५/ १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. त्यानंतरच्या योजनेच्या नावात 'सन्मान' होता, २०१९ च्या योजनेत 'कर्जमुक्ती'. लोकांच्या तोंडी दोन्ही वेळा 'माफी'च राहिली. तेव्हा सोनईत अर्ज भरून आलेले वडील म्हणाले, "गुन्हा कोणता केला, तेवढं मात्र विचारलं नाही."

६/ हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या 'जनरल सोशल सर्व्हे'ने १९८४ पासून एकच प्रश्न दोन प्रकारे विचारला. 'वेल्फेअर'वरचा खर्च अपुरा आहे, असे सुमारे चतुर्थांश लोक म्हणाले. 'गरिबांना साहाय्य' म्हटल्यावर हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे गेले.

७/ न्यायाने बोलायचे तर 'मुक्ती'ही तटस्थ नाही. तो शब्द उत्तर आधीच "हो"कडे झुकवतो, आणि पैसा कोणाच्या खिशातून येणार हे झाकतो.

८/ म्हणून माझे मत असे: सर्वेक्षणाने रक्कम, लाभार्थी आणि भार कोणावर, हे प्रश्नातच सांगावे. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीसारख्या निर्णयाने शेतकऱ्याकडून काय काढून घेतले, तेही सांगावे. शहराला स्वस्त कांदा मिळाला, त्याला आपण 'अनुदान' म्हणत नाही. घोडेगावच्या कांदा बाजारात ते कोणी दिले, हे सर्वांना ठाऊक असते.

९/ पुढच्या वेळी "जनतेचा कर्जमाफीला विरोध" असा मथळा वाचाल, तेव्हा आधी एवढेच पाहा: प्रश्न काय होता?