पिशव्या कोणी सांभाळायच्या?

कोरोनामुळे बंद झालेली राज्यातील मनोरंजन उद्याने ऑक्टोबर 2021 मध्ये उघडली, तेव्हा आम्हीही सहकुटुंब गेलो. नवरा, दीर, मुले पाळण्यांत. सासूबाई आणि मी खाली, चपला-पिशव्या सांभाळत. शिबिरांमधून कामाच्या वाटणीवर बोलणारी मी!

2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा 97. टाळेबंदीत तर आम्हाला उसंतच नव्हती. मग सुट्टीची खरी गरज कोणाला?

शेवटी पिशव्या नवऱ्याकडे दिल्या आणि आम्ही दोघी आकाशपाळण्यात बसलो. सासूबाई पहिल्यांदाच बसत होत्या. मैत्रिणींनो, विश्रांती हा आपलाही हक्क आहे. पुढच्या सहलीला पिशव्यांच्या पाळ्या घरातूनच ठरवून निघा.