शिडांची शर्यत, बंदराची कसोटी

पावसाळा सरला आणि दर्या निवळला की मुंबई बंदराच्या पाण्यावर पांढरी शिडे दिसू लागतात. १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबपासून लष्कर आणि नौदलाच्या नौकानयन केंद्रांपर्यंत अनेक संस्थांचा शर्यतींचा हंगाम तेव्हा सुरू होतो आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. गेटवेच्या कठड्याशी उभ्या असलेल्या पर्यटकाला ते दृश्य मोठे मोहक वाटते. मात्र त्याच पाण्यातून घारापुरी आणि मांडव्याच्या लाँच धावत असतात, ससून डॉकच्या मच्छीमार नौका ये-जा करतात, जवाहर द्वीपाकडे तेलवाहू जहाजे जातात, न्हावा-शेवाकडे कंटेनर जहाजे वळतात आणि नौदल गोदीच्या युद्धनौकाही याच वाटेने बाहेर पडतात. इतक्या गर्दीत शिडांच्या शर्यतीला जागा कशी करून द्यायची, हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमींपुरता उरलेला नाही.

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी तो अतिशय क्रूरपणे अधोरेखित झाला. घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून आदळली. पंधरा जणांचा बळी गेला. ८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी अशी परवानगी असलेल्या लाँचमध्ये त्याहून अधिक माणसे होती, हेही नंतर उघड झाले. त्या दिवशी बंदरात कोणतीही शर्यत नव्हती, हे खरे. परंतु वेगाने दिशा बदलणारी नौका आणि ठरलेल्या वाटेने जाणारी प्रवासी लाँच एकाच पाण्यात, एकाच वेळी, एकमेकींच्या हालचालींची कल्पना नसताना वावरत होत्या. शर्यतीच्या दिवशी नेमकी हीच परिस्थिती निर्माण होते. फरक इतकाच, की तेव्हा अशा नौका एक नव्हे, डझनावारी असतात.

शिडाला नेहमीच अग्रक्रम?

समुद्रावरील वाहतुकीविषयी सर्वसामान्यांत, आणि काही अंशी हौशी नौकानयनपटूंतही, एक समज घट्ट रुजलेला आहे. इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यावी, हा तो समज. तो अर्धसत्य आहे. टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत तशी तरतूद आहे खरी. परंतु तिला महत्त्वाचे अपवाद आहेत. नवव्या नियमानुसार अरुंद खाडीमार्गात वा जलवाहिनीत, फक्त त्याच खोल मार्गातून सुरक्षितपणे जाऊ शकणाऱ्या जहाजाच्या आड शिडाच्या नौकेने किंवा वीस मीटरहून लहान कोणत्याही नौकेने येता कामा नये. मागून येऊन पुढे जाणाऱ्या नौकेलाही, मग ती शिडाची का असेना, पुढच्या नौकेला बाधा न आणण्याचे बंधन आहे. बंदर प्राधिकरणाने स्थानिक पातळीवर केलेले विशेष नियम तर सर्वांनाच लागू होतात.

शर्यतीत उतरलेल्या नौकांसाठी स्वतंत्र नियमावली असते आणि ती दर चार वर्षांनी सुधारली जाते. कोणी कोणाला वाट द्यायची, वळणाच्या बोयाशी आतली जागा कोणाची, हे ती ठरवते. पण हे सारे स्पर्धकांचे आपापसातील व्यवहार. शर्यतीबाहेरची नौका समोर आली की तिथे ही नियमावली संपते आणि सागरी कायदा सुरू होतो. घारापुरीच्या लाँचच्या सारंगाला शर्यतीच्या नियमांशी काहीही कर्तव्य नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही.

या दोन नियमावल्यांतील अंतर किती महागात पडू शकते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. २०१७ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत सुटल्यानंतर काही मिनिटांतच, सिडनी बंदरातच, 'वाइल्ड ओट्स इलेव्हन' ही नौका 'कोमांचे'च्या आडवी गेली. टक्कर थोडक्यात टळली. तक्रार झाली, 'वाइल्ड ओट्स'ला एका तासाचा दंड बसला आणि होबार्टला आधी पोहोचूनही अग्रमान तिला गमवावा लागला. प्रकरण तिथेच मिटले. हा झाला खेळाचा दंड.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. तेथील दंड खेळाचा नव्हता.

काऊजचा धडा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाइट बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील सोलेंटच्या पाण्यात १८२६ पासून 'काऊज वीक' भरतो. आठवडाभर शेकडो शिडे एकाच वेळी पाण्यावर असतात. आणि त्याच पाण्यातून साउदॅम्प्टन बंदराची कंटेनर जहाजे, प्रवासी जहाजे आणि तेलवाहू जहाजे ये-जा करतात. बंदर बंद ठेवले जात नाही. त्याऐवजी तेथे एक कल्पक नियम आहे. दीडशे मीटरहून लांब असलेल्या प्रत्येक जहाजाभोवती, विशिष्ट भागात, चालता-फिरता निषिद्ध पट्टा असतो. जहाजाच्या पुढे एक हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर, एवढ्या पाण्यात लहान नौकांना मज्जाव. जहाज पुढे सरकले की पट्टाही सरकतो, आणि मागचे पाणी पुन्हा शिडांना मोकळे होते. बंदराची गस्ती लाँच जहाजापुढे वाट करीत जाते.

६ ऑगस्ट २०११ रोजी, स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, 'अटलांटा ऑफ चेस्टर' ही शर्यतीतील नौका 'हाने क्नुट्सेन' या सुमारे एक लाख वीस हजार टनी तेलवाहू जहाजाच्या नाळेखाली सापडली. तिचे फुगीर शीड जहाजाच्या नांगरात अडकले, डोलकाठी कोसळली, खलाशी जखमी झाले. जीवितहानी झाली नाही, ते नशीब. त्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. नौकेच्या कप्तानावर साउदॅम्प्टनच्या न्यायालयात खटला चालला. जहाजाला अडथळा आणणे आणि पुरेशी टेहळणी न ठेवणे या आरोपांवरून २०१३ मध्ये त्याला तीन हजार पौंड दंड झाला. शिवाय खटल्याच्या खर्चापोटी एक लाख पौंड भरावे लागले. शर्यत सुरू होती, हा बचाव ठरत नाही, हे न्यायालयाने त्या रकमेतून पुरेसे स्पष्ट केले.

एवढे मोठे जहाज समोरची नौका पाहून थांबत का नाही, असा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर जहाजाच्या बांधणीत आहे. मोठ्या जहाजाला थांबायला किलोमीटरहून अधिक अंतर लागू शकते. वेग फारच कमी केला तर सुकाणूला पाण्याचा जोर मिळत नाही आणि जहाज ताब्यात राहत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे नजरेआडचे पाणी. जहाजाच्या नाळेपुढे किती अंतरापर्यंतचे पाणी पुलावरून दिसले नाही तरी चालेल, याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे : जहाजाच्या दोन लांबींएवढे किंवा पाचशे मीटर, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे नाळेपुढे चारशे मीटरवरची शिडाची नौका पायलटला दिसतच नसेल, आणि तरीही जहाज पूर्णतः नियमात असेल. सोलेंटमधील हजार मीटरांचा पट्टा कुणाच्या लहरीतून आलेला नाही.

परवाना आणि पूर्वसूचना

सिडनीत दरवर्षी २६ डिसेंबरला होबार्टची शर्यत सुटते तेव्हा बंदराच्या मधला मोठा भाग ठराविक काळापुरता प्रेक्षक नौकांना बंद होतो, त्याचा नकाशा आधी प्रसिद्ध होतो आणि आसपासच्या पाण्यात वेगमर्यादा लागू होते. अमेरिकेत अशा नव्या जलकार्यक्रमाच्या आयोजकाला १३५ दिवस आधी तटरक्षक दलाकडे अर्ज करावा लागतो. दरवर्षी त्याच स्वरूपात होणाऱ्या कार्यक्रमासाठी ही मुदत साठ दिवसांची आहे. इतके दिवस कशासाठी, असे वाटेल. पण त्या अवधीत मालवाहू जहाजांची वेळापत्रके, भरती-ओहोटी, फेरीबोटींच्या फेऱ्या आणि बचाव नौकांची संख्या या सगळ्यांची जुळणी व्हायची असते.

मुंबईत शिट्टी कोणाच्या हाती?

मुंबईत नियमांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो एका अधिकाराचा. बंदराचे पाणी आणि मुख्य जलवाहिनी मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत. न्हावा-शेवाचा भाग जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा. प्रवासी लाँचचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाचे. गोदीच्या आसपासची सुरक्षा नौदलाची. शोध व बचावाचे समन्वयन तटरक्षक दलाकडे. आणि गुन्हा नोंदवायचा तर पोलीस. प्रत्येक यंत्रणा आपापल्या कामात कमी पडते असे नव्हे. 'नीलकमल'च्या वेळी नौदल, तटरक्षक दल, बंदर आणि पोलिसांच्या नौका मदतीला धावल्याच. पण अपघात झाल्यावर एकत्र येणे वेगळे आणि सकाळी दहा वाजता एकाच नकाशाभोवती बसून दुपारच्या पाण्याची वाटणी करणे वेगळे.

मुंबईत जहाज वाहतुकीवर रडार आणि रेडिओद्वारे देखरेख ठेवणारी यंत्रणा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात तरंगू लागले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. त्यानंतर या देखरेखीचे महत्त्व सर्वांनाच पटले. मात्र ही यंत्रणा मुळात मोठ्या जहाजांसाठी. लाकडी मचवा, फायबरची होडी किंवा शर्यतीतील छोटी शिडाची नौका रडारवर अंधूक उमटते किंवा उमटतच नाही. स्वतःची ओळख व स्थान आपोआप कळवणारे उपकरण मोठ्या जहाजांना बंधनकारक आहे. छोट्या नौकांचे पाणी या चित्रात बव्हंशी कोरेच राहते.

त्यातच वाऱ्याचे आणि पाण्याचे गणित आहे. हिवाळ्यात मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून शर्यतीही दुपारीच रंगतात. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. तिला नागमोडी, तिरपे पल्ले घ्यावे लागतात. ती कोणत्या क्षणी वळेल हे तिच्यावरच्या माणसांनाच ठाऊक. आणि नेमक्या याच वेळी घारापुरीहून परतणाऱ्या लाँच भरलेल्या असतात. उधाणाच्या दिवशी पाण्याचा ओढ जोराचा असतो. वारा अचानक पडला तर शिडाची नौका त्या ओढीबरोबर जलवाहिनीत वाहत जाऊ शकते. मांडव्याच्या लाँचला तर मुख्य जलवाहिनी ओलांडल्यावाचून गत्यंतरच नाही.

यावर 'शर्यतीच्या दिवशी लाँच बंद ठेवा' हा उपाय कागदावर सोपा आहे. तो अन्याय्यही आहे. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांवर लाँचमालकांचा आणि खलाशांचा आठवडा चालतो, घारापुरीतील हॉटेलवाल्यांची आणि वाटाड्यांची कमाई त्याच दोन दिवसांची असते. सोमवारी लेणी बंद असल्याने तो दिवस तसाही जातो. कोळी बांधवांच्या जाळ्यांचे बोये ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या पडतात, ते पाणी तीन तासांसाठी रिकामे करा म्हणायचे, तर आधी त्यांच्याशी बोलायला हवे. बंदर शर्यतीसाठी बांधलेले नाही. शर्यत ही तिथली पाहुणी आहे. तेव्हा हलायचे असेल तर शर्यतीच्या बोयांनी हलावे, आरंभरेषा लाँचच्या वाटेपासून आणि जलवाहिनीपासून दूर आखली जावी, आणि मोठे जहाज येण्याच्या सुमारास आयोजकांनी शर्यत थांबवून धरावी, हा क्रम अधिक शहाणपणाचा ठरेल. सोलेंटसारखा सरकता पट्टा मुंबईत अमलात आणण्यासाठी फार मोठा खर्च नाही. जहाजापुढे चालणारी एक गस्ती लाँच आणि दंड करण्याची तयारी हवी.

माहितीचा मुद्दा तर याहूनही साधा आहे. नाविकांसाठीच्या सूचना इंग्रजीत निघतात आणि त्या जहाजांच्या प्रतिनिधींपर्यंत, क्लबांपर्यंत पोहोचतात. गेटवेवरच्या सारंगाला आणि ससून डॉकच्या तांडेलाला शर्यतीची वेळ, बोयांची जागा आणि आयोजकांच्या रेडिओचा चॅनल मराठीत, एका पानावर, आदल्या दिवशी धक्क्यावर लावून मिळाला, तर निम्मे गैरसमज पाण्यात उतरण्याआधीच दूर होतील. प्रेक्षकांना घेऊन शर्यतीजवळ जाणाऱ्या भाड्याच्या बोटींचीही हीच गोष्ट. 'नीलकमल' दुर्घटनेनंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट घालायला लावण्याची सक्ती आली, ती योग्यच होती. मात्र लाइफ जॅकेट टक्कर टाळत नाही.

संसदेने २०२५ मध्ये १९०८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा भारतीय बंदरे कायदा मंजूर केला. त्यात राज्यांच्या सागरी मंडळांना वैधानिक स्थान आहे. याच वर्षी मार्चमध्ये गेटवेवरचा ताण हलका करण्यासाठी रेडिओ क्लबजवळच्या नव्या प्रवासी धक्क्याचे भूमिपूजन झाले. स्थानिक रहिवाशांचा विरोध न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा वाद झाला तो किनाऱ्यावरच्या वाहनांचा, गर्दीचा आणि वारसावास्तूंचा. धक्का उभा राहिला की लाँचच्या वाटा सरकतील, आणि त्या सरकतील त्याच पाण्यात, जिथे क्लबांच्या नौका नांगरलेल्या असतात आणि जिथून शर्यतीला निघतात. नव्या वाटा नकाशावर आखल्या जातील तेव्हा नौकानयन संस्थांना, लाँचमालकांच्या आणि मच्छीमारांच्या प्रतिनिधींना त्या बैठकीचे बोलावणे जाते की नाही, हे आता पाहायचे.