पायी बाईने चालायचे, सवलत मोटारीला!

ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विजेवर चालणाऱ्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी टोल माफ केला. कारण काय, तर या मोटारी पर्यावरणाचे रक्षण करतात. सायकलीला या तिन्ही रस्त्यांवर चढायलाच बंदी आहे. म्हणजे ज्याच्याकडे पंधरा-वीस लाखांची मोटार घेण्याची ऐपत आहे, तो पर्यावरणाचा रक्षक आणि बक्षिसाचा मानकरी. आणि धुणीभांडी करायला रोज तीन किलोमीटर पायी जाणारी बाई? ती कोण?

करांचा हिशेबही असाच आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याच काळात साध्या सायकलीवर १२ टक्के होता. सायकलीवरचा कर ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. सहा वर्षे या देशात मोटारीपेक्षा सायकलीवर कराचा दर जास्त होता, आणि त्याबद्दल कुणाला लाज वाटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मैत्रिणींनो, माझे म्हणणे असे आहे की विजेवर चालणारी सायकल ही आपल्या चळवळीची मागणी झाली पाहिजे. 'पर्यावरणस्नेही वाहन' म्हणून तिची भलामण करणारे पुष्कळ आहेत. आपण ती मागायची ती बाईच्या वेळासाठी आणि बाईच्या पायांसाठी.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच लोकांना विचारले गेले की कामावर कशाने जाता. पायी जाणाऱ्या बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त निघाले. आणि हा प्रश्न शेती करणाऱ्यांना, शेतमजुरांना आणि घरगुती उद्योगात राबणाऱ्यांना विचारलाच नव्हता! खुरपे कमरेला खोचून उजाडता रानात जाणारी बाई कशी जाते, हे सरकारला जाणून घ्यावेसेही वाटले नाही. तिची पायपीट मोजलीच गेली नाही, मग तिच्यासाठी धोरण कुठून येणार?

२०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बाईची रोजची २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८, असे आढळले. या पावणेपाच तासांत ज्या बाईला कामावर जायचे-यायचे चालणे मिळवावे लागते, तिच्या दिवसात उरते काय? मीटिंगला या म्हटले की आपल्याला उत्तर मिळते, "ताई, वेळ कुठाय?" ते बहाणा म्हणून दिलेले नसते.

'चालणे तब्येतीला चांगले, पर्यावरणालाही चांगले' असे सांगणाऱ्यांना मला एवढेच म्हणायचे आहे की फिरायला जाणे वेगळे आणि डोक्यावर ओझे घेऊन चालणे वेगळे. गरीब बाई धूर सोडत नाही, कारण धूर सोडणारे वाहन तिच्या वाट्याला आलेलेच नाही. तिच्या वंचनेला सद्गुण म्हणून मिरवू नका.

आता ही सायकल काय असते ते पाहू. साध्या सायकलीलाच एक छोटी मोटर आणि बॅटरी लावलेली असते. पायडल मारताना मोटर जोर देते, त्यामुळे चढ आणि ओझे जाणवत नाही. मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर कायद्याने ती मोटारगाडी ठरत नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. ज्या बायकांना आरटीओची पायरी चढायची भीती वाटते, एजंटाला द्यायला पैसे नसतात, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. चार्जिंग स्टेशनही लागत नाही, घरातला प्लग पुरतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण एक तृतीयांश युनिट वीज. त्यात तीसेक किलोमीटर जाता येते. खर्च तीन-चार रुपये.

मग हिला सरकारी मदत किती? केंद्राची 'फेम' योजना दुसऱ्या टप्प्यात एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ चालली. दुचाकीला अनुदान हवे तर वेग किमान ताशी ४० आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला किमान ८० किलोमीटर हवा, अशी अट होती. सायकल आपोआप बाद! सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी वीज खाणारे वाहन पुरेसे वेगवान नाही म्हणून नापास. वेगाची ही अट कुणाचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवून घातली असेल? शाळेत पोर सोडून, रेशन घेऊन, कामावर पोचणाऱ्या बाईचा नक्कीच नाही. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार सायकलींना साडेपाच हजारांपर्यंत अनुदान जाहीर केले होते. म्हणजे इच्छा असली तर मार्ग सापडतो.

आपल्यातल्याच काहीजणी आक्षेप घेतील. वीज तर कोळशातून येते, चंद्रपूर आणि कोराडीची राख तिथल्या बायकांच्या अंगणात पडते, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण मग आधी मोटारीला विचारा. लहानशा विजेच्या मोटारीची बॅटरीही तीसेक युनिटांची असते. तेवढ्यात ऐंशीहून जास्त सायकलींच्या बॅटऱ्या बसतात. बॅटरीच्या कचऱ्याचे काय, हा प्रश्न तर आपलाच आहे. २०२२ च्या नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती पाळली गेली नाही तर फुटकी बॅटरी कचरावेचक बाईच्या हातात येणार आणि भाजणार तिलाच. नियम पाळून घेणे हेही आपले काम.

दुसरा आक्षेप, बसच का मागू नये? मागूच! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले आणि गावोगावच्या बायका घराबाहेर पडल्या, हे आपण पाहिले. पण एसटी फाट्यावर थांबते. फाट्यापासून वाडीपर्यंतचे अंतर बाईच तोडते. बस आणि सायकल यांत भांडण लावायचे कारण नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो घरातला आहे. सायकल आली की किल्ली कुणाच्या खिशात जाणार? चांगल्या विजेच्या सायकलीला पंचवीस-तीस हजार रुपये पडतात. बचत गटाच्या कर्जावर ती बाईच्या नावाने यायची, हप्ते बाईने फेडायचे, आणि चालवणार मुलगा, हे होऊ द्यायचे नसेल तर नुसते अनुदान मागून भागणार नाही.

या बाबतीत पुदुक्कोट्टईची आठवण ठेवावी. तमिळनाडूच्या या जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता अभियानाच्या जोडीने बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम झाली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, हजारो बायका सायकल शिकल्या. पुरुषांनी टवाळी केली, घाणेरडे शेरे मारले. बायका हटल्या नाहीत. दांडीवर मूल बसवता येते म्हणून कित्येकींनी पुरुषांचीच सायकल पसंत केली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. सायकल कुणी वाटली म्हणून हे घडले नाही. बायका जथ्याने शिकल्या, जथ्याने रस्त्यावर आल्या, म्हणून घडले.

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. विजेच्या वाहनांच्या प्रत्येक अनुदान योजनेत सायकलीला स्थान हवे, आणि पावती बाईच्या नावाने हवी.

२. साडी नेसून चढता येईल, मूल आणि ओझे दोन्ही पेलेल अशी सायकल बनवली जावी.

३. बॅटरी आणि मोटर दुरुस्तीचे प्रशिक्षण आयटीआयमध्ये आणि बचत गटांतून बायकांना मिळावे.

४. रस्त्यांवर दिवे हवेत आणि सायकलीची वाट सायकलीला मोकळी हवी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. कागदावरची ही वाट रस्त्यावर किती उतरली, ते संध्याकाळी पुण्यात सायकल चालवणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा.

५. पुढच्या जनगणनेत शेतमजूर बाईलाही विचारा, तू कामावर कशी जातेस.

ज्यांच्यामुळे हवा बिघडली त्यांनाच ती सुधारण्याचे बक्षीस मिळते आहे. जिने कधी बिघडवली नाही, तिला निदान चाके तरी मिळू द्या. आपापल्या गटात यावर चर्चा करा, मतभेद असतील तर तेही लिहून कळवा. पण गप्प बसू नका.