टूर द फ्रान्स राहू द्या, आधी मधली पायरी बघा

जानेवारीत पुणे ग्रँड टूर पार पडली. 19 ते 23 जानेवारी, एकूण 437 किलोमीटर. मुळशी-मावळचे घाट झाले, पुरंदर-बारामतीकडचे सरळ रस्ते झाले. वर्षानुवर्षं अर्ज करून न झालेले रस्ते गुळगुळीत झाले. छान झालं, आनंदच आहे. पण शर्यत संपते न संपते तोच सुरू झालं, "आता पुण्याची टूर द फ्रान्स कधी?" आणि कुणी म्हणालं, "तो पोगाचार का नाही आला?"

पोगाचार येऊच शकत नव्हता. नियमच तसा आहे. आपली शर्यत 2.2 दर्जाची. पहिला दोन म्हणजे अनेक दिवसांची शर्यत, दुसरा दोन म्हणजे तिची इयत्ता. या इयत्तेत वर्ल्डटूरच्या संघांना उतरायची परवानगीच नाही. हिच्या वर 2.1, त्याच्या वर 2.प्रो आणि सगळ्यात वर वर्ल्डटूर, म्हणजे टीव्हीवर दिसतं ते. 2.प्रो आणि एका दिवसाच्या 1.प्रो शर्यती मिळून जी मालिका होते तिला यूसीआय प्रोसिरीज म्हणतात. 2020 पासून हे नाव आहे. हा धंद्यातला दुसरा दर्जा. आपल्याकडे याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला वाटतं पुण्याने अभ्यास करायचाच असेल तर तो या दुसऱ्या दर्जाचा करावा.

का? 2022 चा हंगाम आठवून बघा.

त्या वर्षाअखेर तीन वर्षांच्या गुणांची बेरीज होऊन वरच्या 18 संघांनाच वर्ल्डटूरचा परवाना मिळणार होता. बाकीचे खाली. त्यात गुणांचा तक्ता असा मजेशीर होता की टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला तर 120 गुण, आणि बेल्जियममधल्या किंवा इटलीतल्या एखाद्या एकदिवसीय 1.प्रो शर्यतीत पहिला आला तर 200. अहो, 1.1 सारख्या आणखी खालच्या शर्यतीलाही 125 होते! म्हणजे जगभर ज्याचा फोटो छापून येतो त्याला कमी आणि ज्याचं नाव शेजारच्या गावात माहीत नाही त्याला जास्त.

मग जे व्हायचं ते झालं. बुडायला आलेले मोठे संघ अचानक छोट्या शर्यतींना गर्दी करायला लागले. बेल्जियमच्या लोटो सूदाल संघाकडे आर्नो डे ली नावाचा 20 वर्षांचा पोरगा होता, दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेला. टूर द फ्रान्सला पाठवलाच नाही त्याला. छोट्या-मधल्या शर्यतीत पळवला आणि गड्याने पहिल्याच वर्षी नऊ विजय आणले. तरीही लोटो खाली गेला. त्याच्याबरोबर इस्रायल-प्रीमियर टेकही गेला, ज्याने त्याच जुलैत टूर द फ्रान्सचे दोन टप्पे जिंकले होते. सायमन क्लार्क एक, ह्यूगो ऊल एक. दोन टप्पे जिंकून नापास!

वर कोण गेलं? अल्पेसिन आणि आर्केआ. अल्पेसिन म्हणजे मॅथ्यू फान डर पूलचा संघ. हा माणूस दुसऱ्या दर्जाच्या संघात राहून 2020 आणि 2022 ची टूर ऑफ फ्लँडर्स जिंकला, हे अनेकांना आज सांगूनही पटत नाही. पुढच्या वर्षीपासून तक्ता बदलला, टूरचा टप्पा 210 वर गेला. पण मुद्दा कळला असेल. संघ तुमच्या गडकिल्ल्यांसाठी येत नाहीत, गुणांसाठी येतात. तक्ता बदलला की त्यांचा रस्ता बदलतो. आपल्या 2.2 शर्यतीत एकूण विजेत्याला 40 गुण असतात. 40 गुणांसाठी जितके आणि जसे संघ येतील तसेच येणार. त्यात कमीपणा काही नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला खरं तर हीच सांगायची आहे.

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथली भाषा ब्रेटन, फ्रेंचपेक्षा पूर्ण वेगळी. ती मरायला टेकली होती. ब्रेटन माध्यमाच्या 'दिवान' शाळा लोकांनी स्वतः काढल्या, पण त्यांना पैसा हवा. म्हणून 1984 मध्ये एका स्थानिक माणसाने सायकल शर्यत सुरू केली, ट्रो-ब्रो लेऑन. शर्यतीतून शाळेला मदत. मार्ग कुठला? शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटा. आपल्याकडे पाणंद म्हणतो ना, तशाच. पंक्चर होतात, धुळीने तोंड माखतं, पाऊस असेल तर चिखल. आणि जो ब्रेटन सायकलपटू सगळ्यात पुढे येईल त्याला बक्षीस म्हणून जिवंत डुकराचं पिल्लू! हो, पिल्लू. व्यासपीठावर कडेवर घेऊन फोटो काढतात.

ही हास्यास्पद वाटणारी गावची शर्यत आज 1.प्रो आहे. 2022 मध्ये ती जिंकली आर्केआच्या ह्यूगो हॉफस्टेटरने. आर्केआ हा ब्रिटनीचाच संघ, आणि त्या वर्षी वर जायला त्यांना एकेक गुण हवा होता. पाणंदीवरून 200 गुण मिळाले. पुढचा भाग ऐका. तोच आर्केआ वर्ल्डटूरमध्ये गेला आणि प्रायोजक न मिळाल्यामुळे 2025 अखेर बंद पडला. शर्यत मात्र चालू आहे.

मराठी शाळांचे पट घसरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यासाठी कुणी सायकल शर्यत काढली असती तर आपण काय म्हटलं असतं, याचा विचार मी करून बघितला. उत्तर फारसं चांगलं आलं नाही.

याउलट अर्जेंटिनातली सान हुआन. तीही 2.प्रो होती. 2020 मध्ये रेमको एवेनेपूल तिथे जिंकला, मोठमोठी नावं जानेवारीत ऊन खायला जायची. 2024 ला पैसे नाहीत म्हणून रद्द. इंग्लंडमध्ये तर टूर ऑफ ब्रिटन चालवणारी कंपनी 2024 च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाली. तिथल्या सायकल महासंघाने ती शर्यत स्वतःच्या अंगावर घेतली म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती झाली. तशी संस्था मागे उभी नसती तर संपलीच होती.

आपल्याला जवळचं उदाहरण मलेशियाचं आहे. तूर द लंकावी. 1996 मध्ये सुरू झाली, महाथिर मोहम्मद पंतप्रधान असताना, त्यांच्याच कल्पनेतून. म्हणजे वरून आलेली शर्यत, आपल्यासारखीच. पण सरकारं बदलली, प्रायोजक बदलले, शर्यत टिकली, आज 2.प्रो आहे. 2010 मध्ये अनुआर मनन हा त्यांच्याच देशातला गडी तिथे टप्पा जिंकला. पहिल्या शर्यतीनंतर 14 वर्षांनी. रोज वर्षभर पळणारी पोरं तयार व्हायला एवढा वेळ लागतो.

आणि महाराष्ट्रात हे पहिल्यांदा होतंय असंही समजू नका. 2010-11 च्या सुमारास मुंबईत परदेशी व्यावसायिक संघ आले होते. इटलीचा एलिया विवियानी तिथे जिंकून गेला. 2016 ला रिओत त्याने ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. मुंबईतली ती शर्यत आज कुणाला आठवते? दुसरीकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला 'घाटाचा राजा' हा किताब जुन्या लोकांच्या अजून तोंडात आहे. बोरघाट कुणी आधी चढला यावर आजही वाद घालणारे भेटतात. तिथे ना गुण होते ना परदेशी संघ. लोकांना माणसं माहीत होती, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं. "2.1 कधी, प्रोसिरीज कधी" ही घाई आत्ता नको. गावची जत्रा कशी, तिथी ठरलेली असते. पत्रिका नसली तरी लोक येतात. शर्यतीची तारीख तशी दहा वर्षं पक्की करा. कलेक्टर बदलला, पालकमंत्री बदलला, तरी हलता कामा नये. त्यासाठी एक कायमची संस्था लागेल, वेगळं खातं लागेल, दरवर्षी हिशोब जाहीर करावा लागेल. किती रस्ते केले, कितीला केले आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यातले किती शिल्लक आहेत, हे सांगायला काय हरकत आहे? पैसा आपलाच आहे.

आणि जानेवारी ते जानेवारी मधले महिने आहेत त्यांचं काय? यूसीआयचा शिक्का नको, रस्ता दोन तास बंद ठेवा, रुग्णवाहिका द्या, तालुक्यातल्या पोरापोरींच्या शर्यती घ्या. भोर, जुन्नर, इंदापूर, कुठेही. बैलगाडा शर्यतीला आपण बुलेट आणि ट्रॅक्टर लावतो. सायकलला निदान एक धड सायकल लावा. डुकराचं पिल्लू आपल्याकडे चालणार नाही, पण तालुक्यात पहिला येणाऱ्याला बोकड द्यायला सासवडकरांची ना असेल असं वाटत नाही.

पुढच्या जानेवारीच्या आत अशा किती शर्यती घेणार, हे आयोजकांनी एकदा जाहीर करावं. आकडा शून्य असला तरी चालेल, निदान आपल्याला कळेल.